मावशींची ईदी आणि आयकर

दिवाळीला पोस्त, तशी ईदला ईदी. रमजानचे शेवटचे रोजे आले की पाकिटे भरली जातात. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचे सगळे करणाऱ्या मावशींसाठी काही घरे मोठी रक्कम काढतात. मग शंका येते: यावर कर लागेल का?

घरात आपण तिला मावशी, खाला म्हणतो; पण आयकर कायद्याची नातेवाइकांची यादी ठरलेली आहे. आईची सख्खी बहीण त्या यादीत आहे, तिच्याकडून मिळालेली भेट करमुक्त. सेवा करणारी मावशी त्यात नाही. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळालेल्या पैशांच्या भेटी ५० हजारांपर्यंत करमुक्त असतात; त्यापुढे गेल्या तर सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. आणि पगार देणाऱ्यानेच कामाबद्दल दिलेले पैसे पगारातच मोजले जातात. देणाऱ्याला मात्र यापोटी करात सूट नाही.

म्हणून घाबरायचे कारण नाही. उत्पन्नात धरणे म्हणजे कर भरणे नव्हे. समजा, मावशींना महिना १५ हजार मिळतात, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. त्यावर १ लाख ईदी दिली, तरी एकूण २ लाख ८० हजार होतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. दुसरे काही उत्पन्न नसेल तर त्यांना एक रुपयाही भरावा लागत नाही. रक्कम मोठी असेल तर ती त्यांच्याच बँक खात्यात जमा करावी. २ लाख किंवा त्याहून अधिक रोख एका दिवसात एकाच माणसाकडून घेण्यास कायद्याने मनाई आहे.

मृत्युपत्राने मिळालेल्या रकमेवर घेणाऱ्याला आयकर नाही. मुस्लिम कायद्यात वारस नसलेल्यांसाठी मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. आजारपणात सोबत करणाऱ्या बाईची आठवण ठेवण्याचा हाही एक मार्ग.

एक पथ्य मात्र पाळावे. मावशी गरजू असतील तर त्यांना जकात देता येते, पण ती पगारातून वळती करता येत नाही. ईदीचेही तसेच. थकलेला पगार ईदीच्या पाकिटात घालून दिला, तर ती भेट नव्हे, उशिरा फेडलेले देणे. आधी पगार चुकता करावा, मग ईदी द्यावी.