उंदीर, गोगलगाय आणि ग्लासगोचा सॉलिसिटर

२० मार्च १९२९ रोजी एडिंबरोच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये वॉल्टर लीचमन दोन खटले हरले. दोन्हींतली तक्रार सारखीच होती. जिंजर बिअरच्या बाटलीत मेलेला उंदीर निघाला, तेव्हा बाटली भरणाऱ्या ए. जी. बार या कंपनीने भरपाई द्यावी. चार न्यायमूर्तींपैकी तिघांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. इतका स्पष्ट निकाल लागल्यावर बहुतेक वकील कागदपत्रे बांधून ठेवतात आणि पुढच्या पक्षकाराला वाटेला लावतात. लीचमन यांनी मात्र वीस दिवसांत, ९ एप्रिलला, त्याच न्यायालयात तोच कायद्याचा प्रश्न घेऊन नवा दावा दाखल केला. या वेळी बाटलीत गोगलगाय होती.

हा दावा म्हणजे ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’. जगभरच्या विधी महाविद्यालयांत तो शिकवला जातो. शिकवताना लॉर्ड अॅटकिन यांचे निकालपत्र वाचतात, त्या गोगलगायीची गोष्ट रंगवून सांगतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. ज्याने हा खटला उभा केला, तीन पायऱ्या चढवला आणि त्यासाठी पक्षकाराकडे पैसे नाहीत हे ठाऊक असूनही माघार घेतली नाही, त्या सॉलिसिटरचे नाव सहसा कोणी घेत नाही. अपघात आणि इजेच्या दाव्यांत अपिलापर्यंत जाणाऱ्या वकिलाचे काम नेमके काय असते, हे समजून घ्यायचे तर लीचमन यांच्याकडे पाहावे लागते.

पेस्लीतला रविवार

घटना साधी होती. २६ ऑगस्ट १९२८, रविवार. मे डोनोह्यू ही दुकानात नोकरी करणारी बाई ग्लासगोहून जवळच्या पेस्ली गावी गेली. वेलमेडो कॅफेत तिच्या मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. जिंजर बिअर हे आल्याचे फसफसणारे गोड पेय. बाटली गडद, अपारदर्शक काचेची होती. आत काय आहे ते दिसायची सोय नव्हती. कॅफेच्या मालकाने थोडी बिअर आइस्क्रीमवर ओतली, ती मे डोनोह्यू यांनी घेतली. मैत्रिणीने उरलेली ओतली, तेव्हा बाटलीतून सडलेल्या गोगलगायीचे अवशेष बाहेर आले, असे दाव्यात म्हटले होते. नंतर त्यांना जठर आणि आतड्यांचा दाह झाला, धक्का बसला आणि ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत उपचार घ्यावे लागले.

आता दावा कोणावर करायचा? बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिले होते. म्हणजे कॅफेच्या मालकाशी मे डोनोह्यू यांचा खरेदीचा करारच नव्हता. मैत्रिणीचा करार होता, पण तिला काही झाले नव्हते. बाटली भरणारे डेव्हिड स्टीव्हन्सन यांच्याशी तर दोघींचाही करार नव्हता. १८४२ सालच्या ‘विंटरबॉटम विरुद्ध राइट’ या इंग्रजी खटल्यापासून न्यायालयांचा सर्वसाधारण कल असा होता की, वस्तू बनवणाऱ्याची जबाबदारी त्याच्याशी करार करणाऱ्यापुरतीच. त्या खटल्यात टपालाची घोडागाडी हाकणारा माणूस गाडी मोडून जखमी झाला होता आणि गाडीच्या देखभालीचे कंत्राट घेणाऱ्याविरुद्ध त्याला काहीच मिळाले नव्हते. फसवणूक किंवा मुळातच धोकादायक वस्तू असे मोजके अपवाद तेवढे मान्य होते. जिंजर बिअर त्यांत बसत नव्हती.

दावा लिहिण्याची कला

इजेच्या दाव्यातल्या वकिलाची पहिली कसोटी कोर्टात उभे राहण्याआधीच लागते. लीचमन सॉलिसिटर होते. कोर्ट ऑफ सेशनमध्ये युक्तिवाद करायचा तो अॅडव्होकेटने. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या परंपरेत सॉलिसिटर आणि काउन्सेल अशी जी विभागणी होती, तशीच ही. सॉलिसिटरने पक्षकाराचे म्हणणे ऐकायचे, पुरावे जमवायचे, दाव्याचा पाया घालायचा.

लीचमन यांनी घातलेला पाया पक्का होता. ५०० पौंडांच्या दाव्यात त्यांनी केवळ गोगलगाय निघाली एवढेच म्हटले नाही. रिकाम्या बाटल्या जिथे ठेवल्या जात तिथे गोगलगायींचा वावर होता, त्यांच्या चिकट खुणा तिथे वारंवार दिसत, बाटल्या धुण्याची आणि तपासण्याची नीट पद्धत स्टीव्हन्सन यांनी ठेवायला हवी होती, असे मुद्दे त्यात होते. बाटलीची काच गडद असल्याने कॅफेवाल्याला किंवा ग्राहकाला मधल्या टप्प्यावर तपासणी करता येणे शक्य नव्हते, हा मुद्दाही होता. पुढे अंतिम निकाल याच मुद्द्याच्या आधारे उभा राहिला.

स्टीव्हन्सन यांच्या बाजूने मूलभूत आक्षेप आला: हे सगळे खरे धरले तरी कायद्याने दावा टिकत नाही. त्यामुळे साक्षीपुरावे होण्याआधीच कायद्याचा प्रश्न वर गेला. गोगलगाय खरोखर होती का, हे कोणत्याही न्यायालयाने कधीच ठरवले नाही. अपिलाचे काम असेच असते. खालच्या न्यायालयात घडलेल्या गोष्टींचा झगडा असतो; वर गेल्यावर, या गोष्टी खऱ्या असतील तर कायद्याने काय म्हणावे, हा झगडा उरतो. जो वकील हा फरक ओळखत नाही तो अपिलात पुन्हा साक्षीदारांबद्दलच बोलत राहतो.

एका न्यायमूर्तीचे वेगळे मत

पहिली पायरी अनुकूल गेली. २७ जून १९३० रोजी लॉर्ड मॉनक्रीफ यांनी आक्षेप फेटाळला. खाण्यापिण्याची वस्तू बनवणाऱ्यावर ती खाणाऱ्याबद्दल जबाबदारी येते, असे त्यांनी मानले. पण १३ नोव्हेंबर १९३० रोजी वरच्या पीठाने तो निकाल फिरवला. पीठावर उंदरांच्या खटल्यातलेच चार न्यायमूर्ती होते आणि मतेही तशीच पडली: तीन विरुद्ध एक. दोन्ही वेळा वेगळे मत नोंदवणारे न्यायमूर्ती होते लॉर्ड हंटर.

असे वेगळे मत म्हणजे हरलेल्या पक्षाचे समाधान, अशी आपली समजूत असते. अपिलाच्या वकिलाला मात्र ते मत पुढच्या वाटेची खूण वाटते. एक अनुभवी न्यायमूर्ती दोनदा पटवून सांगतो की बहुमत चुकते आहे, तर वरचे न्यायालय ते ऐकण्याची शक्यता आहे. लीचमन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्सची वाट धरली.

अडचण पैशांची होती. हरलेल्या पक्षाने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, हा नियम. मे डोनोह्यू यांच्या डोक्यावर आधीच्या टप्प्यांचा खर्च होता आणि लंडनमधले अपील म्हणजे वेगळे ओझे. म्हणून त्यांनी निर्धन पक्षकार म्हणून अपील चालवण्याची परवानगी मागितली. आपली सगळी मालमत्ता पाच पौंडांचीही नाही, असे त्यांनी शपथेवर लिहून दिले. त्यांच्या चर्चचे धर्मगुरू आणि दोन ज्येष्ठ सदस्य यांनी त्यांच्या गरिबीची खात्री दिली. १९३१ साली परवानगी मिळाली. लीचमन यांनी, तसेच मे डोनोह्यू यांच्या वतीने उभे राहिलेले जॉर्ज मॉर्टन आणि विल्यम मिलिगन यांनी फी न घेता काम केले. समोर स्टीव्हन्सन यांच्याकडून स्कॉटलंडचे सॉलिसिटर जनरल विल्फ्रिड नॉर्मंड उभे होते.

तीन विरुद्ध दोन

सुनावणी १० आणि ११ डिसेंबर १९३१ रोजी झाली. निकाल लागला २६ मे १९३२ रोजी, तीन विरुद्ध दोन मतांनी. मे डोनोह्यू जिंकल्या.

लॉर्ड बकमास्टर आणि लॉर्ड टॉमलिन विरोधात होते. टॉमलिन यांना दाव्यांच्या लोंढ्याची भीती वाटत होती. १८४२ साली व्हर्सायजवळ रेल्वेचा आस तुटून मोठा अपघात झाला होता. हा नियम मानला तर त्यातला प्रत्येक जखमी आस बनवणाऱ्यावर दावा लावू शकेल, अशी त्यांची चिंता होती. आज हे वाचताना वाटते, मग त्यात वावगे काय? पण त्या काळी हा आक्षेप गंभीर होता आणि त्याला उत्तर देणे भागच होते.

ते उत्तर लॉर्ड अॅटकिन यांनी दिले, लॉर्ड थँकर्टन आणि लॉर्ड मॅकमिलन त्यांच्यासोबत होते. अॅटकिन यांचा विचार थोडक्यात असा: माझ्या कृतीचा थेट परिणाम ज्यांच्यावर होणार आहे, ज्यांचा विचार कृती करताना माझ्या मनात असायलाच हवा, ते सगळे कायद्याच्या दृष्टीने माझे शेजारी. त्यांना इजा होऊ नये इतकी काळजी घेणे माझ्यावर बंधनकारक आहे. वस्तू जशी कारखान्यातून निघते तशीच ती ग्राहकाच्या हाती पडणार असेल आणि मध्ये तपासणीला वाव नसेल, तर ती बनवणाऱ्याची जबाबदारी ग्राहकापर्यंत पोचते. करार असो वा नसो.

पुढचा शेवट कोरडा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टीव्हन्सन वारले. त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांशी तडजोड झाली आणि मागितलेल्या ५०० पौंडांऐवजी २०० पौंडांवर प्रकरण मिटले. इजेच्या दाव्यांचे वकील आपली बहुतेक कारकीर्द अशा तडजोडींतच घालवतात, आणि त्यात कमीपणा नाही. पण एखाद्या वेळी पक्षकाराची इजा आणि कायद्याचा न सुटलेला प्रश्न एकाच कागदावर येतात. तो क्षण ओळखणे आणि आधीच्या पराभवाने न खचणे, हे लीचमन यांचे खरे कर्तृत्व. उंदरांच्या खटल्यात हरल्यावर ते थांबले असते, तर हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे कधी गेला असता, आणि इतक्या स्पष्ट रूपात गेला असता का, हे सांगता येत नाही.

आपल्या दारापर्यंत

हा नियम भारतात आला तो प्रिव्ही कौन्सिलच्या काळात. १९३५ साली प्रिव्ही कौन्सिलने ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरच्या दाव्यात, लोकरी अंतर्वस्त्रांत राहिलेल्या रसायनामुळे झालेल्या त्वचारोगाबद्दल, उत्पादकाला जबाबदार धरले. तेव्हा भारताचे सर्वोच्च अपिली न्यायालयही तेच होते. आज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. पाकीटबंद खाऊपासून औषधापर्यंतच्या तक्रारी त्या वाटेने नेता येतात.

इजेचा कायदा आपल्याकडेही अपिलांतूनच वाढला. मोटार अपघात न्यायाधिकरणात गृहिणीच्या श्रमाचे मोल कसे करायचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत होता. जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते दरमहा ३,००० रुपये धरले. २०२१ साली ‘कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स’ या अपिलात गृहिणीच्या कामाला मिळणाऱ्या मान्यतेची आणि तिच्या भावी उत्पन्नवाढीचीही बाजू मांडली गेली आणि ती मान्य झाली. ही रक्कम म्हणजे दया नव्हे, हक्क आहे, हे एकेका अपिलातून ठरत गेले.

म्हणून वाचकांना सांगायचे ते एवढेच. मोटार अपघाताच्या दाव्यात न्यायाधिकरणाने दिलेली रक्कम अपुरी वाटली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ नुसार निवाड्याच्या तारखेपासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते; ती मुदत वाया घालवू नका. मे डोनोह्यू यांना गरिबीचा दाखला आणावा लागला. आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि बालकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मागता येते. इतरही अनेक गटांना हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे जा, अर्ज करा, आणि ज्यांना हे माहीत नाही त्यांनाही तिथवर घेऊन जा.