प्रवेशाची तारीख आणि निवडीचा हक्क

परीक्षा, निकाल आणि मग प्रवेश हा क्रम आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की, त्याहून निराळे काही असू शकेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेतील रीत मात्र निराळी आहे. तेथे शाळेचे अखेरचे वर्ष सुरू होते न होते तोच महाविद्यालयांकडे अर्ज जाऊ लागतात आणि ते वर्ष संपण्यापूर्वी बहुतेकांचे प्रवेश ठरूनही जातात. मागील वर्षांचे गुण, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला निबंध यांवरून हा निर्णय होतो. पुणे, इंदूर वा बडोदे येथील एखादा विद्यार्थी बारावीच्या निकालानंतर तिकडचा विचार करू लागला, तर त्या वर्षापुरती बहुतेक नामांकित संस्थांची दारे त्याला बंद झालेली आढळतील.

या प्रवेशाचे मार्ग मुख्यतः चार आहेत. पहिला नियमित प्रवेशाचा. यात अर्ज साधारणतः जानेवारीच्या प्रारंभापर्यंत पाठवावयाचा, निर्णय मार्चअखेरच्या सुमारास कळावयाचा आणि आलेल्या होकारांपैकी एक निवडून १ मेपर्यंत उत्तर द्यावयाचे, असा परिपाठ आहे. दुसऱ्या मार्गात अर्ज जसजसे येतील तसतसे ते निकालात काढले जातात. येथे अखेरची तारीख दूर दिसली तरी जागा भरत जातात, हे विसरून चालत नाही.

उरलेले दोन मार्ग लवकर अर्ज करण्याचे. दोहोंतही अर्ज बहुधा नोव्हेंबरमध्ये जातो. पैकी ‘अर्ली ॲक्शन’मध्ये उत्तर लवकर मिळते, परंतु विद्यार्थी बांधला जात नाही. ‘अर्ली डिसिजन’मध्ये मात्र तो एकाच संस्थेला वचन देतो की, प्रवेश मिळाल्यास आपण तेथेच येऊ आणि अन्यत्र केलेले अर्ज मागे घेऊ. या करारावर विद्यार्थ्याबरोबर पालकाची आणि शाळेतील समुपदेशकाचीही स्वाक्षरी घेतली जाते. उत्तर डिसेंबरच्या मध्यास येते.

महाविद्यालयांना अशा वचनाची गरज का भासावी? एकच विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करतो. म्हणून प्रवेश देऊ केलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती येतील, याचा संस्थेला केवळ अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला तर जागा रिकाम्या राहतात किंवा वसतिगृहे अपुरी पडतात. आधीच वचनबद्ध झालेला विद्यार्थी ही चिंता दूर करतो, आणि त्याचा मोबदलाही त्याला मिळतो. एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउसर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लवकर अर्ज केल्याचा लाभ ‘सॅट’ परीक्षेतील सुमारे १०० गुणांइतका असल्याचे दाखवून दिले होते.

हा लाभ सर्वांना सारखा घेता येत नाही. ज्या कुटुंबाला खर्चाची विवंचना नाही, त्याला एकाच संस्थेला शब्द देणे सोपे जाते. ज्याला शिष्यवृत्तीवाचून शिकता येणार नाही, त्याला मात्र चार ठिकाणचे आर्थिक साहाय्य समोर ठेवून तुलना करावयाची असते. ती संधीच या वचनाने जाते. देऊ केलेले साहाय्य अपुरे असेल तर वचनातून मोकळे होता येते हे खरे. परंतु तोवर जानेवारीचे दुसरे अर्ज तयार नसतील, तर त्या मोकळिकीचा उपयोग थोडाच. याच विषमतेचा विचार करून हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी २००६ मध्ये लवकर प्रवेशाची पद्धत बंद करण्याचे जाहीर केले. २०११ मध्ये त्यांनी ती पुन्हा सुरू केली, तीही वचनाचे बंधन न घालता.

तेव्हा तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी अकरावीतच दोन गोष्टी एकत्र बसून ठरवाव्यात: खर्च किती झेपेल आणि कोणती एखादी संस्था खरोखरच सर्वांहून अधिक हवी आहे. या दोन्हींची उत्तरे निश्चित असतील, तर वचन देण्यास हरकत नाही. त्यांपैकी एकही संदिग्ध असेल, तर नियमित मार्गाने जाऊन मे महिन्यापर्यंत निवडीचा हक्क आपल्या हाती राखणे अधिक शहाणपणाचे.