बालरुग्ण कक्षातील रात्रपाळी

मेहकर तालुक्यातील डोणगावच्या एखाद्या बालकाचा आजार बळावला आणि त्याला अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागले, तर मध्यरात्री त्याला प्रथम तपासणारी व्यक्ती बहुधा निवासी डॉक्टर असते. एम.बी.बी.एस. होऊन बालरोगशास्त्राचे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे हे तरुण एकाच वेळी विद्यार्थीही असतात आणि वैद्यही.

या कक्षात त्यांना पहिला धडा मिळतो तो तराजूचा. व्यापारी घरांना तो परका वाटू नये. बालकाच्या औषधाची मात्रा त्याच्या वजनावरून काढावी लागते. १२ किलोच्या बालकास सलाईन द्यायचे, तर पहिल्या १० किलोंसाठी दर किलोमागे १०० मिलिलिटर आणि पुढील २ किलोंसाठी ५०, असा दिवसाचा प्राथमिक हिशेब ११०० मिलिलिटरचा. बारीक थेंबांच्या नळीतून मिनिटाला सुमारे ४६ थेंब. ३ किलोच्या अर्भकाच्या अंगात सारे रक्तच जेमतेम पाव लिटर, म्हणून तपासणीसाठी काढलेले २ मिलिलिटरही मोजून घ्यावे लागते. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. खतावणीतील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. ही होईलच असे नाही.

आणि हे गणित करणारा किती तास जागा आहे? केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेनुसार सलग काम सामान्यतः १२ तासांपेक्षा अधिक नसावे. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांत मात्र ‘वाजवी’ तास एवढेच म्हटले आहे, आणि वाजवी हा शब्द फार लवचीक! चोवीस तासांहून लांबणाऱ्या पाळ्या ही ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेची जुनी तक्रार आहे.

रुग्ण बोलत नाही, म्हणून आईचे बोलणे हीच अर्धी तपासणी. मोठ्याने रडणाऱ्या बालकापेक्षा निपचित पडलेले बालक अधिक चिंतेचे, हे निवासी डॉक्टर लवकर शिकतात. एखादे बालक दगावल्यावर पुढच्या खाटेकडे लगेच कसे वळावे, हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. पण तेथील पहिली तुकडी एम.बी.बी.एस.ची आहे. तूर्त अकोल्याची वाट चुकत नाही. निघताना घरी दिलेल्या औषधाची बाटलीच सोबत घ्यावी. पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचेही मिळते आणि २५० चेही. ‘एक चमचा दिला’ एवढ्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही.