दोष मोटरीत की नियंत्रकात?

मोटर अडली, तर दोष कोठे शोधावयाचा? हा प्रश्न रोह्याजवळील धाटावच्या रासायनिक कारखान्यांत पडतो, तसाच हौशी कारागिराच्या छोट्या सीएनसी यंत्रावरही. या यंत्राची स्टेपर मोटर बहुधा २०० पावलांत एक फेरा पुरा करते. म्हणजे प्रत्येक पाऊल १.८ अंशांचे. ती फिरण्याऐवजी जागीच थरथरली, तर एका वेटोळ्याला वीज मिळत नसण्याचा संभव असतो. प्रथम वीज बंद करून दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजावा. तो सारखा हवा. मग नियंत्रकापाशी दोन एकसारख्या मोटरींच्या जोडण्यांची अदलाबदल करावी. पूर्वीचीच मोटर थरथरली, तर दोष तिच्यात किंवा तिच्या तारेत. दुसरी थरथरली, तर नियंत्रकात. मात्र वीज चालू असताना जोडणी कधीही काढू नये. वेटोळ्यात उसळलेल्या विद्युत्‌दाबाने चांगला नियंत्रकही जळू शकतो.