अधिसूचनेची तारीख आणि घरातला कापूस

कापसाचा भाव पाऊस, बोंडअळी आणि वेचणीची मजुरी यांवर ठरतो, असा गेवराईसारख्या कापूसपट्ट्यातील सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बीड जिल्ह्यातील या तालुक्यात जिनिंग कारखान्याच्या दारात जो भाव फुटतो, त्यावर दिल्लीतून निघणाऱ्या एक-दोन पानी अधिसूचनांचाही मोठा प्रभाव असतो. निर्यात खुली राहणार की बंद होणार आणि परदेशी कापसावर शुल्क लागणार की नाही, हे या अधिसूचना ठरवतात. त्या एका रात्रीत निघतात आणि बहुतेकदा लगेच अमलात येतात. अशा वेळी कायदा कोणाला सांभाळून घेतो आणि कोणाला नाही, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दोन कायदे, दोन कार्यालये

निर्यातबंदीचा अधिकार परकीय व्यापार (विकास व नियमन) अधिनियम, १९९२ च्या कलम ३ मधून येतो. या कलमानुसार केंद्र सरकार राजपत्रात आदेश प्रसिद्ध करून कोणत्याही मालाच्या आयात-निर्यातीला मनाई करू शकते किंवा तिच्यावर मर्यादा घालू शकते. हे काम वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील परकीय व्यापार महासंचालनालयामार्फत होते. शुल्काचा प्रांत वेगळा आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २५ नुसार ‘लोकहितार्थ’ शुल्कमाफी देण्याचा आणि ती काढून घेण्याचा अधिकार केंद्राला आहे. तो अर्थ मंत्रालय वापरते. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच, मात्र कायद्याची वाट आणि जबाबदार मंत्रालय निराळे आहे.

मार्च २०१२ चा धडा

५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाच्या निर्यातीवर तत्काळ बंदी घातली. निर्यातयोग्य शिल्लक ८४ लाख गाठींची मानली असताना सुमारे ९४ लाख गाठी देशाबाहेर गेल्या, असे कारण देण्यात आले. या बंदीचे वैशिष्ट्य असे की, ज्या निर्यातदारांकडे आधीच नोंदणी प्रमाणपत्रे होती, त्यांचाही माल अडवण्यात आला. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनी, आपल्याला विश्वासात न घेता हा निर्णय झाल्याचे सांगून जाहीर नाराजी व्यक्त केली. आठवड्याभरातच, १२ मार्चला, बंदी शिथिल झाली. जुन्या नोंदणीच्या मालाला छाननीनंतर वाट मोकळी झाली, नव्या नोंदण्या मात्र थांबल्या. त्या पुन्हा खुल्या करण्याचा निर्णय एप्रिलअखेर झाला.

या घडामोडीत निर्यातदाराला निदान दाद मागण्यासाठी एक कागद होता. त्याच्याकडे प्रमाणपत्र होते, करार होता. भाव वाढेल या आशेने घरात कापूस राखलेल्या शेतकऱ्याकडे तसा कोणताही कागद नव्हता.

पेरणी एका दरात, विक्री दुसऱ्या

२०२५ मध्ये हाच प्रकार आयातीच्या बाजूने घडला. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पापासून परदेशी कापसावर एकूण ११ टक्के शुल्क होते. पाच टक्के मूळ सीमाशुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार आणि या दोहोंवरील समाजकल्याण अधिभार मिळून ते होत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून, रशियाकडून तेलखरेदी केल्याबद्दल, आणखी २५ टक्के शुल्क लादले. त्याचा मोठा फटका कापड व तयार कपड्यांच्या निर्यातीला बसणार होता. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर या मुदतीसाठी कापसावरील आयातशुल्क पूर्णपणे माफ केले.

या मुदतीत एक व्यावहारिक अडचण होती. शुल्काचा दर आयातदाराने सीमाशुल्क कार्यालयात ‘बिल ऑफ एंट्री’ दाखल केल्याच्या तारखेवर ठरतो, आणि जहाज अजून बंदरात आले नसेल तर ते दाखल झाल्याच्या तारखेवर. ब्राझील किंवा अमेरिकेतून माल येण्यास काही आठवडे लागत असल्याने नवी मागणी नोंदवणाऱ्यांना सप्टेंबरअखेरची मुदत अपुरी होती. ऑगस्टच्या अखेरीसच ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली.

मराठवाड्यातील कोरडवाहू कापसाची पहिली-दुसरी वेचणी नेमकी याच काळात होते. जूनमध्ये बियाणे टोबले तेव्हा ११ टक्क्यांचे संरक्षण होते, माल बाजारात आला तेव्हा ते नव्हते.

याचा हिशेब साधा आहे. रुईचा व्यवहार ३५६ किलोच्या खंडीवर होतो. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते असे धरल्यास एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे आयात मालाच्या स्पर्धेने रुई खंडीमागे १,००० रुपयांनी उतरली आणि सरकीचा भाव स्थिर राहिला, तर शेतकऱ्याचे क्विंटलमागे सुमारे ९५ रुपये जातात.

न्यायालयांचा कौल

सरकारने मुदत जाहीर करून ती मोडली तर? सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ‘कासिंका ट्रेडिंग’ खटल्यात याचे उत्तर दिले. पीव्हीसी रेझिनवरील शुल्कमाफी जाहीर मुदतीपूर्वी मागे घेण्यात आली होती. लोकहितासाठी तसे करता येते, मुदत छापली म्हणून ते अभंग वचन ठरत नाही, असा निर्णय झाला.

तथापि, या अधिकारालाही वेळेची मर्यादा आहे. पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले गेले. ती अधिसूचना संगणकप्रणालीवर रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी चढली. त्याच दिवशी, पण त्याआधी, कागदपत्रे दाखल केलेल्या आयातदारांना जुनाच दर लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘जी. एस. चठा राइस मिल्स’ खटल्यात ठरवले.

तिसरा निर्णय शेतमालाशी थेट निगडित आहे. तूर, मूग, उडीद आणि वाटाण्याच्या आयातीला मर्यादा घालणाऱ्या २०१९ च्या अधिसूचना न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये वैध ठरवल्या. पुढे जून २०२१ मध्ये, मर्यादेबाहेर आणलेला पिवळा वाटाणा देशातील शेतमालाच्या बाजारपेठेला बाधक ठरेल हे ध्यानात घेऊन तो पूर्णपणे जप्त करण्याचा मार्ग मोकळा केला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शेतकऱ्याचे हित न्यायालयात आले ते सरकारच्या निर्णयाचे समर्थन म्हणून. शेतकऱ्याचा हक्क म्हणून ते आले नाही.

संरक्षणाची हद्द

परकीय व्यापार धोरणातील परिच्छेद १.०५ मध्ये संक्रमणकाळाची तरतूद आहे. निर्बंध येण्यापूर्वी अपरिवर्तनीय पतपत्र उघडलेले असेल, तर ठरावीक अटींवर तो व्यवहार पुरा करू दिला जातो. अधिसूचनेतच ही सवलत नाकारता येते, हे खरे. तरी व्यापाऱ्यासाठी तो एक आधार आहे. पतपत्र, नोंदणी, बिल ऑफ एंट्री या साऱ्या गोष्टी बँकेत आणि बंदरावर जन्मतात. गेवराईच्या शेतकऱ्याचा व्यवहार त्याच्या कितीतरी आधी, पेरणीच्या वेळी सुरू होतो. पण कायद्याच्या लेखी त्या तारखेला अर्थ नाही.

त्याच्यासाठी उरतो तो हमीभाव. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसासाठी तो क्विंटलला ८,११० रुपये होता. परंतु भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर नोंदणी हवी, ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा आणि आठ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते. शिवाय हमीभाव हा सरकारचा धोरणात्मक निर्णय आहे. बाजारात त्याहून कमी मिळाले तर फरक मागण्याचा कायदेशीर हक्क त्यातून निर्माण होत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये परकीय व्यापार धोरणात एक सुधारणा झाली. धोरण बनवताना किंवा बदलताना संबंधित घटकांची मते मागवावीत आणि ती न स्वीकारल्यास कारणे कळवावीत, अशी तरतूद आली. अपवादात्मक परिस्थितीत थेट निर्णयाची मुभा सरकारने राखून ठेवली. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी तिची कक्षा परकीय व्यापार धोरणापुरती आहे. सीमाशुल्क अधिनियमाखालील माफीला, म्हणजे ऑगस्ट २०२५ सारख्या निर्णयाला, ती लागू होत नाही.

गिरण्यांना स्वस्त रुई हवी आणि शेतकऱ्याला रास्त भाव हवा, हा पेच कोणत्याही कायद्याने पूर्णपणे सुटणारा नाही. परंतु कापसावरील शुल्काचा निर्णय पेरणीपूर्वी जाहीर करणे आणि हंगाम संपेपर्यंत तो पाळणे सरकारच्या हातात आहे. निर्यातदाराला पतपत्राच्या तारखेचे जे अल्पस्वल्प संरक्षण मिळते, तेवढे तरी पेरणीच्या तारखेला मिळावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.