विरेचन आणि सम्यक् दृष्टी

विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाने भगवान बुद्धांवर केलेल्या विरेचनाचा वृत्तांत येतो. जीवकाने आधी काही दिवस शरीराचे स्नेहन करविले. मग औषधयुक्त कमळे हुंगावयास देऊन ३० रेच घडविले. ही एका रोग्याची, वैद्याने मोजून केलेली चिकित्सा होती.

अंगुत्तर निकायातील तिकिच्छक सुत्तात तर तथागत सांगतात की, वैद्यांचे विरेचन कधी सफल होते, कधी निष्फळ. न चुकणारे विरेचन मिथ्या दृष्टी आदींचा निचरा करणारे आर्य विरेचन होय.

म्हणून मधुमेहासारख्या जुनाट विकारात ‘शरीरशुद्धी’साठी इन्शुलिन सोडा, असे कोणी सांगितल्यास त्यास पाली वाङ्मयाचा आधार आम्हांस दिसत नाही. इन्शुलिनची उणीव रेचाने भरून निघत नाही. ते सोडणे प्राणावर बेतू शकते. वैद्याला विचारल्यावाचून औषध न सोडणे, हीच येथे सम्यक् दृष्टी होय.