स्टेटसवरचं हलतं चित्र: जिफ आणि व्हिडिओबद्दलचे गैरसमज

२३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती असते आणि २० डिसेंबरला पुण्यतिथी. बाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्या दर्यापूरहून जवळ, त्यामुळे या दोन तारखांना इथल्या मोबाइलांवर बाबांची हलती चित्रं सकाळपासून फिरू लागतात. डोक्यावर गाडगं, हातात खराटा, मागे गोल फिरणारी किरणं, खाली ‘विनम्र अभिवादन’ आणि मंडळाच्या पोरांची नावं. लग्नसराईत पत्रिका हलतात, जूनमध्ये कृषी सेवा केंद्रांच्या बियाण्याच्या जाहिराती हलतात. ही चित्रं कुठे फ्लेक्सच्या दुकानात, कुठे फोटो स्टुडिओत, तर बऱ्याचदा घरी बसून मोबाइलवरच तयार होतात.

आणि मग तक्रारी सुरू होतात. “हे पाय ना भाऊ, गॅलरीत मस्त हालते, इन्स्टावर टाकलं का हालूनच नाही राह्यलं.” कुणाची पारदर्शक मागची बाजू काळीठिक्कर पडते, कुणाची नावं पुसट होतात, कुणाचं चित्र एकदाच हलून गप्प बसतं. दोष मोबाइलला किंवा रेंजला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा काही पक्क्या बसलेल्या समजुतींमध्ये असतं. त्या समजुती एकदा दूर झाल्या, तर मेहनतीनं केलेलं काम पाहणाऱ्यापर्यंत नीट पोहोचेल. म्हणून त्या इथे एकेक करून घेतो.

गैरसमज: व्हॉट्सअ‍ॅपवर हलतं ते सगळं जिफच असतं

जिफ हा १९८७ सालचा प्रकार आहे. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने तो तयार केला, तोही टेलिफोनच्या तारेवरून रंगीत चित्रं लवकर उतरावीत म्हणून. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत दोन चित्रांमध्ये किती वेळ थांबायचं ते सांगायची आणि पारदर्शकतेची सोय आली. चित्र पुन्हा पुन्हा फिरत राहावं ही सोय तर १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरने जोडली. आवाजाला त्यात तेव्हाही जागा नव्हती, आजही नाही.

सोशल मीडियाच्या कंपन्यांना ही जुनी फाइल परवडत नाही. म्हणून ट्विटरने २०१४ पासून चढवलेल्या जिफचा आतल्या आत एमपी४ व्हिडिओ करायला सुरुवात केली. टेलिग्रामही तेच करतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याच्या कोपऱ्यात ‘जिफ’ असं दिसतं, तो खरं तर आवाज काढून टाकलेला, आपोआप फिरणारा छोटा व्हिडिओ असतो. छोटा व्हिडिओ पाठवताना वर जिफचं बटण दिसतं ते यामुळेच. हलते स्टिकर तर तिसराच प्रकार: ती ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची (पिक्सेलची) वेबपी फाइल असते.

म्हणजे आपण जिफ चढवली तरी बहुतेक ठिकाणी तिचा व्हिडिओ होणारच आहे. तो आपण आपल्या देखरेखीखाली करायचा, की समोरच्या यंत्राला त्याच्या सोयीने करू द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. इन्स्टाग्रामच्या पोस्टमध्ये तर तेही होत नाही. तिथे गॅलरीतून टाकलेली जिफ बहुधा साधा फोटो म्हणून जाते आणि पहिल्या चित्रावरच थांबते. तिथे एमपी४ च लागतो.

गैरसमज: फाइलच्या नावाचं शेपूट बदललं की व्हिडिओ झाला

नाही झाला. जिफ फाइलच्या सुरुवातीला ‘जीआयएफ८९ए’ ही सहा अक्षरं कोरलेली असतात, आणि बरीच अ‍ॅप्स नावावर न जाता ती वाचतात. नाव एमपी४ केलं तरी आतली मांडणी जिफचीच राहते. काही अ‍ॅप्स ती चालवूनही दाखवतात, त्यामुळे काम झालं असं वाटतं. इन्स्टाग्राम मात्र ती परत करतं.

गैरसमज: व्हिडिओ जड, जिफ हलकी

हा समज सगळ्यांत घट्ट आहे आणि सगळ्यांत चुकीचाही. ज्याचा नेटपॅक दिवसाला दीड जीबीचा आहे, त्याच्या खिशाला तो थेट लागतो. म्हणून इथे जरा थांबून हिशोब करू.

आपल्या शकुंतलेचं उदाहरण घ्या. मूर्तिजापूर ते अचलपूर अडीच फुटी रुळांवरून जायची ती ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावायची आणि दर्यापुरात तिचं स्टेशन होतं बनोसा. समजा, बनोसा स्टेशनातून ती निघतानाची २४ चित्रं कुणाकडे आहेत आणि त्यांची ४८० बाय ४८० ठिपक्यांची जिफ करायची आहे. एका चित्रात २,३०,४०० ठिपके येतात. जिफमध्ये एका ठिपक्याला एक बाइट धरला, तर २४ चित्रांचे ५५ लाखांहून जास्त बाइट होतात, म्हणजे साधारण साडेपाच एमबी. त्यानंतर जिफ आपल्या पद्धतीने ते आवळते. त्या पद्धतीला एकाच रंगाचे सलग पट्टे चांगले आवळता येतात. कंपनीचं बोधचिन्ह, कार्टून, साधी अक्षरं यात ती तरबेज आहे. इंजिनाचा धूर, बाभळीची पानं, फलाटावरची गर्दी यांत शेजारचे दोन ठिपके क्वचितच सारखे असतात, म्हणून फोटोच्या जिफमध्ये फारसं काही आवळलं जात नाही.

मुख्य फरक पुढेच आहे. गाडी एका चित्रातून दुसऱ्या चित्रात चार बोटं डावीकडे सरकली. ‘तोच डबा आहे, फक्त सरकलाय’ हे जिफला सांगताच येत नाही. ती जास्तीत जास्त न बदललेला भाग सोडून देते आणि बदललेला भाग पुन्हा सगळा रंगवते. एमपी४ मध्ये आज सगळ्यांत जास्त चालणारी एच.२६४ ही पद्धत २००३ मध्ये आली. ती एक चित्र पूर्ण साठवते आणि पुढच्या चित्रांसाठी ‘हा तुकडा इतका सरकवा, तो तसाच ठेवा’ एवढ्याच सूचना साठवते. त्यामुळे तीच हालचाल कितीतरी कमी जागेत बसते. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी गूगलने दिलेल्या माहितीत एक उदाहरण आहे: ३.७ एमबीची जिफ एमपी४ केल्यावर ५५१ केबी झाली. जवळपास सातपट फरक, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला तो कळतही नाही.

बोधचिन्ह फिरवायचं असेल, दोनचार रंगच असतील, तर जिफही लहान राहते. फोटो आला की मात्र व्हिडिओच करावा.

गैरसमज: जिफचा व्हिडिओ केला की चित्र स्वच्छ होतं

जिफच्या एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. मोबाइलच्या फोटोत लाखो छटा असतात. त्या २५६ मध्ये कोंबताना आभाळाचे पट्टे पडतात, धुराचे थर दिसतात, चेहऱ्यावर डाग उमटतात. पट्टे लपावेत म्हणून सॉफ्टवेअर बारीक दाणे पेरतं. पुढे एमपी४ करताना गेलेले रंग परत येत नाहीत, कारण ते फाइलमध्ये उरलेलेच नसतात. उलट ते दाणे प्रत्येक चित्रात जागा बदलतात, व्हिडिओच्या पद्धतीला ती हालचाल वाटते आणि ती त्यांच्यावर जागा वाया घालवते. शेवटी फाइलही हवी त्यापेक्षा मोठी होते आणि चित्रही मळकट दिसतं.

म्हणून माझा आग्रह आहे की मूळ फोटो, मूळ डिझाइन हाताशी असेल तर मध्ये जिफ करूच नये. कॅनव्हासारख्या अ‍ॅपमध्ये डाउनलोड करताना जिफ आणि एमपी४ दोन्ही पर्याय समोर असतात. तिथूनच एमपी४ घ्या. आधी जिफ करून मग तिला व्हिडिओ करणं म्हणजे फोटोची झेरॉक्स काढून त्या झेरॉक्सचा पुन्हा फोटो काढणं. इतरांकडून आलेली जिफच जवळ असेल, तेव्हाच तिचा व्हिडिओ करावा.

अक्षरांचं दुखणं वेगळं आहे आणि ते आपल्या लिपीला जास्त सोसावं लागतं. नेहमीच्या एमपी४ मध्ये उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र साठवतात, पण रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच देतात. डोळा रंगापेक्षा उजेडातला फरक जास्त पकडतो, म्हणून फोटोत हे खपून जातं. पण हिरव्या पट्टीवर लाल नाव लिहिलं तर? दोन्हींचा उजेड जवळपास सारखा असला की अक्षराची कड फक्त रंगावर उभी राहते, आणि नेमकी तीच फिसकटते. इंग्रजी अक्षर फिसकटलं तरी ओळखू येतं. आपल्याकडे रफार, अनुस्वार, उकार हे बारीकसे फटकारेच अर्थ सांभाळतात. पट्टीवर बारीक अक्षरांत ‘दर्यापूर’ लिहा आणि रफार पुसट होऊ द्या, वाचणारा ‘दयापूर’ वाचेल. नावातला अनुस्वार गेला तर माणसाचं आडनावच बदलतं.

उपाय सोपा आहे. गडद पट्टीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरं घ्यावीत. लालच हवं असेल, तर त्याला पांढरी जाड किनार द्यावी. अक्षरं जाड घ्यावीत, आणि एका चित्रात चाळीस नावं कोंबण्यापेक्षा दहा-दहा नावांची चार चित्रं एकामागून एक दाखवावीत. व्हिडिओ हातात असताना एकाच चित्रात दाटीवाटी करायची गरजच नाही.

गैरसमज: मागची बाजू काळी झाली, माप चुकलं म्हणून फाइल आलीच नाही, म्हणजे अ‍ॅप बिघडलं

जिफमध्ये ठिपका पारदर्शक ठेवता येतो. एच.२६४ च्या एमपी४ मध्ये पारदर्शकता नाहीच, म्हणून ती जागा काळी किंवा पांढरी भरली जाते. रूपांतर करण्याआधी मागे आपल्या पसंतीचा रंग भरून घ्या, एवढंच करायचं असतं.

मापाचंही तसंच. चार ठिपक्यांना मिळून एक रंग, म्हणजे दोन बाय दोनचे चौकोन. त्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्ही सम आकडे लागतात. ४८१ ठिपके रुंदीची जिफ अशा नेहमीच्या एमपी४ साठी दिली की कॉम्प्युटरवरचं एफएफएमपेग हे रूपांतराचं सॉफ्टवेअर काम सोडून देतं आणि उंची किंवा रुंदीला दोनने भाग जात नाही असं सांगतं. ४८० किंवा ४८२ करा, काम होतं. स्टेटस आणि रीलसाठी १०८० बाय १९२०, चौकोनी पोस्टसाठी १०८० बाय १०८० ही मापं धरली तर हा प्रश्नच येत नाही. चौकोनी चित्र ओढूनताणून उभं मात्र करू नका, बाबांचा चेहरा लांबट होतो. वर-खाली रंगाची पट्टी भरा.

वेगाचा घोळ थोडा आडवळणी आहे. एकेक चित्र किती वेळ दिसावं हे जिफमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिलेलं असतं. तिथे ० किंवा १ लिहिलं असेल, तर ब्राउझर ते न मानता १० धरतात, म्हणजे सेकंदाला दहा चित्रं. रूपांतर करणारं एखादं सॉफ्टवेअर मात्र लिहिलेला आकडा खरा धरतं, आणि पाहताना संथ वाटणारी किरणं व्हिडिओत गरगर फिरू लागतात. तसं झालं तर जिफच्या एडिटरमध्ये प्रत्येक चित्राचा वेळ स्पष्ट १० करून घ्यावा आणि मगच व्हिडिओ करावा.

गैरसमज: जिफ कायम फिरते, मग तिचा व्हिडिओही फिरेलच

फिरत राहायची सूचना जिफच्या फाइलमध्येच असते. एमपी४ पुन्हा लावायचा की नाही हे ते ते अ‍ॅप ठरवतं. रील आपोआप पुन्हा सुरू होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेलं एकदाच चालून थांबतं. शकुंतलेची ती २४ चित्रं प्रत्येकी सेकंदाच्या दहाव्या भागाने चालवली तर सगळा खेळ २.४ सेकंदांचा. एवढा छोटा तुकडा काही ठिकाणी घेतलाच जात नाही, घेतला तरी डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. तोच पाच वेळा एकामागून एक जोडा, १२ सेकंदांचा ऐसपैस व्हिडिओ होतो.

आवाज जोडायचा तर तोही आता जोडता येईल, पण मग व्हॉट्सअ‍ॅपवर ते जिफचं बटण दाबू नका, आवाज गळून जातो. गाणं निवडताना हक्क कुणाचे याचा विचार करावा. दुकानाच्या जाहिरातीला सिनेमाचं गाणं लावलं तर आवाज बंद होऊ शकतो किंवा पोस्टच काढली जाऊ शकते.

गैरसमज: फॉरवर्ड करून करून चित्र फाटतं

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं फॉरवर्ड केल्याने तीच चढलेली फाइल पुढे जाते. बिघाड होतो तो फाइल मोबाइलात उतरवून पुन्हा नव्याने चढवण्यात, स्टेटसचा स्क्रीन रेकॉर्ड करून तो दुसऱ्या स्टेटसला लावण्यात. दर वेळी ती नव्याने आवळली जाते आणि दर वेळी काहीतरी हरवतं. स्क्रीन रेकॉर्डमध्ये तर वरची बॅटरी आणि घड्याळही येतं.

ऑनलाइन रूपांतर करून देणाऱ्या वेबसाइट वाईट नसतात, इझीजिफसारखी साइट हे काम ठीक करते. मात्र तिथे टाकलेलं चित्र आपल्या मोबाइलातून दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातं हे ध्यानात असू द्या. देवाचं चित्र, दुकानाची जाहिरात खुशाल टाका. लग्नपत्रिकेवर घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर असतात, लहान मुलाच्या वाढदिवसाच्या चित्रात त्याचा चेहरा, नाव, तारीख असते. असलं काम आपल्याच मोबाइलवरच्या किंवा कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये करावं. वर सांगितलेलं एफएफएमपेग फुकट आहे, नेट बंद असलं तरी चालतं, आणि फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केल्यापासून जगभर वापरात आहे.

गिऱ्हाइकाला तयार व्हिडिओ देताना व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसा पाठवला की एक ठिपकाही न बदलता पोहोचतो. गॅलरीतूनच पाठवायचा असेल, तर २०२३ पासून आलेला एचडीचा पर्याय निवडा. आणि गिऱ्हाइकाला सांगून ठेवा की डॉक्युमेंट आधी फोनमध्ये सेव्ह करायचं, मग तिथून थेट इन्स्टावर किंवा स्टेटसला लावायचं. मित्राच्या स्टेटसवरून उचलायचं नाही.